फिरणारं लाकूड, थांबलेलं हत्यार

चन्नपट्टणचं एखादं लाकडी खेळणं हातात घेऊन नीट पाहा. खुळखुळा, भिंगरी, भातुकलीतला तांब्या, काहीही चालेल. लाल पट्टा जिथे संपतो तिथून पिवळा सुरू होतो आणि मधली रेघ आखून घ्यावी इतकी काटेकोर असते. ब्रशचा फराटा कुठे दिसत नाही, रंगाचा ओघळ नाही, थेंब सुकून झालेली गाठ नाही. पोराने ते जमिनीवर आपटलं तरी रंगाचे पापुद्रे सहसा निघत नाहीत.

आता स्वयंपाकघरातलं लाटणं उचला. मूठ आणि मधला जाड भाग यांच्यामध्ये जी खाच असते, तिच्या दोन्ही उतारांवरून बोट फिरवा. घाईत केलेल्या स्वस्त लाटण्यात एक उतार गुळगुळीत आणि दुसरा खरखरीत लागण्याची बरीच शक्यता आहे. लाकूड एकच, यंत्र एकच, कारागीरही एकच. मग दोन बोटांच्या अंतरात हा फरक का पडावा?

दोन्ही कोड्यांची उत्तरं लेथवर सापडतात. लेथवर लाकूड घडवण्याच्या कामाला आपल्याकडे कातकाम म्हणतात आणि ते करणाऱ्याला कातारी. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, रवी, भोवरा, बुद्धिबळाचे मोहरे, तबल्याचं खोड आणि त्याच्या वादीत अडकवलेले गट्टे ही सगळी कातकामाची लेकरं. वस्तू इतक्या रोजच्या आहेत, की त्यांच्यामागे एक सखोल विद्या आहे हे आपल्या लक्षातच येत नाही.

गोलाई फुकट मिळते

सुतारकामात लाकूड स्थिर असतं आणि हत्यार हलतं. करवत पुढेमागे जाते, रंधा सरकतो. कातकामात नेमकं उलटं घडतं. लाकडाचा ठोकळा दोन टोकांमध्ये पकडून गरागरा फिरवला जातो आणि कारागीर त्याच्यासमोर एका आडव्या टेकूवर पटाशी टेकवून ती जवळजवळ स्थिर धरतो. ठोकळ्याचा जो भाग बाहेर आलेला असेल तो प्रत्येक फेऱ्यात धारेवर येऊन आदळतो आणि छिलला जातो. जो आत आहे तो धारेपर्यंत पोहोचतच नाही. थोड्या वेळाने बाहेर आलेलं काही उरत नाही. फिरण्याच्या आसापासून धारेपर्यंतचं अंतर तेवढं राहतं आणि ते चहूबाजूंनी सारखंच असतं. वर्तुळ म्हणजे तरी दुसरं काय?

म्हणजे गोलाई आणायला कातारी वेगळे कष्ट घेतच नाही, ती यंत्राच्या रचनेतून आपोआप येते. नवख्या माणसालाही पंधरा-वीस मिनिटांत एक गोल दांडा काढता येतो. खरं कौशल्य बाकीच्या तीन ठिकाणी लागतं: पृष्ठभाग गुळगुळीत ठेवणं, भिंत हवी तितकी पातळ करणं आणि लाकूड पुढे वाळताना काय करेल याचा आधीच अंदाज बांधणं. या तिन्हींचा संबंध यंत्राशी कमी आणि झाडाशी जास्त आहे.

वेगाचं गणित मात्र आधी समजून घ्यायला हवं. तीस सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर त्याचा काठ ताशी साधारण ३४ किलोमीटर वेगाने धारेसमोरून जातो. त्याच वाडग्याच्या तळाशी, मध्यापासून दोन सेंटिमीटरवर, लाकडाचा वेग ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतकाच असतो. अगदी मधोमध तो शून्य होतो. काठाकडून तळाकडे येताना कारागिराचा हात सतत मंदावत जातो तो यामुळे. काठावर ज्या गतीने पटाशी सरकवली तीच मध्याजवळ ठेवली, तर लाकूड कापलं न जाता ओरबाडलं जातं. काठाचा वेग व्यासाबरोबर वाढतो, म्हणूनच मोठी वस्तू कमी फेऱ्यांवर आणि बारीक वस्तू जास्त फेऱ्यांवर घडवतात. पाश्चात्त्य कातारी यासाठी एक ठोकताळा वापरतात: व्यास इंचांत मोजायचा, त्याला फेऱ्यांच्या संख्येने गुणायचं आणि गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान ठेवायचा. बारा इंचांच्या वाडग्याला ५०० ते ७५० फेरे पुरतात.

दोरी, डहाळी आणि मोटर

लेथचं सर्वांत जुनं स्पष्ट चित्र इजिप्तमध्ये आहे, पेटोसिरिस या धर्मगुरूच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासचं. एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवतो आहे आणि दुसरा हत्यार धरून आहे. भारतात हेच काम एका माणसाने धनुकलीने करण्याची पद्धत रूढ झाली. धनुकलीची दोरी लाकडाला एक वेढा देऊन जाते. एका हाताने ती पुढेमागे ओढायची, दुसऱ्या हाताने पटाशी धरायची, जमिनीवर बसायचं आणि पटाशीला पायाच्या बोटांचा आधार द्यायचा. दोरी मागे गेली की लाकूड उलटं फिरतं. त्या क्षणी धार बाजूला घ्यावी लागते आणि पुन्हा सुलटं फिरताना टेकवावी लागते. कापणं आणि थांबणं यांची ही लय अंगात भिनायलाच कित्येक महिने जातात.

युरोपात दोरीचं वरचं टोक एका लवचीक डहाळीला बांधत आणि खालचं पायपट्टीला. पाय दाबला की लाकूड फिरे, सोडला की डहाळी दोरी परत ओढून घेई. इंग्लंडच्या राजाचं ‘मेरी रोज’ हे युद्धजहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यावर खलाशांची कातलेली लाकडी ताटंवाडगी सापडली. बर्कशायरमधल्या बकलबरी इथला जॉर्ज लेली हा माणूस विजेचं युग आल्यावरही पायाच्याच लेथवर एल्मच्या लाकडाचे वाडगे काढत राहिला. एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढण्यात त्याचा हातखंडा होता. तो १९५८ मध्ये वारला आणि त्याचा लेथ आज रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात आहे.

मला मात्र या साऱ्या इतिहासात सर्वांत थक्क करते ती जपानमधली गोष्ट. आठव्या शतकात सम्राज्ञी शोतोकु हिने दहा लाख छोटे लाकडी स्तूप बनवण्याची आज्ञा दिली आणि ७७०च्या सुमारास ते काम पूर्ण झालं. प्रत्येक स्तूप लेथवर कातलेला आणि प्रत्येकाच्या पोटात एका बौद्ध मंत्राची छापील पट्टी. त्यांतले हजारो स्तूप नारा प्रांतातल्या होर्यूजी मंदिरात आजही जपलेले आहेत. छपाईच्या इतिहासात या पट्ट्यांचं नाव आदराने घेतात. ज्या कातारींनी मोटरीशिवाय हे स्तूप घडवले, त्यांच्या हातांनाही तेवढाच मान मिळायला हवा असं मला वाटतं.

फिरवण्याची ताकद पुढे पाण्याकडून, वाफेकडून, विजेकडून आली. लाकूड एकाच दिशेने अखंड फिरू लागलं, त्यामुळे काम वेगाने होऊ लागलं आणि धोकाही वाढला. पण धार लाकडाला भेटते तिथला मामला पेटोसिरिसच्या काळात होता तसाच राहिला.

लाटण्याची खरखर: तंतूंची दिशा

लाकूड म्हणजे पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्यांची जुडी. या नळ्या, म्हणजेच तंतू, खोडाच्या लांबीच्या दिशेने एकमेकांना चिकटून उभे असतात. झाडूच्या हिरांची घट्ट बांधलेली मोळी डोळ्यांसमोर आणा. मोळीचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं करायचं आहे. धारदार कोयता जाड भागाकडून निमुळत्या टोकाकडे चालवला, तर कापला जाणारा प्रत्येक हीर त्याच्या खालच्या लांब हिरांवर टेकलेला असतो. त्याला आधार असतो, तो जागच्या जागी स्वच्छ कापला जातो. आता कोयता उलटा, टोकाकडून जाड भागाकडे चालवा. धार प्रत्येक हिराच्या मोकळ्या टोकाला भिडते. त्याच्या मागे आधार नाही, म्हणून तो कापला जाण्याआधी उचकटतो, वाकतो आणि तुटतो. मोळी केसाळ होते.

लाटण्याच्या खाचेत हेच घडतं. खाचेला दोन उतार असतात. कारागिराने दोन्हीकडून वरून खाली, जाड भागाकडून बारीक भागाकडे येत तळाशी थांबायला हवं. घाईत तो एका बाजूने उतरतो आणि तसाच दुसऱ्या बाजूने चढतो. उतरताना झालेला भाग गुळगुळीत होतो, चढतानाचा खरखरीत. मग तो पॉलिश कागदाने घासून वेळ मारून नेली जाते. कातारी शिकाऊ पोराला पहिला धडा देतो तो हाच: उतारावरून खाली ये, चढू नकोस.

दुसरा धडा धारेचा. पटाशीच्या धारेमागे एक तिरपी घासलेली बाजू असते. अनुभवी माणूस आधी ती बाजू फिरत्या लाकडावर अलगद टेकवतो. त्या वेळी काहीच कापलं जात नाही, फक्त घासल्याचा आवाज येतो. मग मूठ किंचित वर उचलली की धार लाकडाला भिडते आणि लांबलचक, सलग छिलका निघू लागतो. तिरपी बाजू मागून टेकलेली असल्याने धार ठरावीक खोलीपेक्षा आत जाऊ शकत नाही. हा आधार सुटला तर धार एकदम खोल रुतते, लाकूड तिला खेचून घेतं, टेकूवर धाडकन आपटतं आणि वस्तूवर मळसूत्रासारखी जखम उमटते. कधी वस्तू निखळून अंगावर येते. म्हणून चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि खाली ओढणी, सैल बाही, मोकळे केस यांपैकी काहीही नाही, हा नियम जगभरच्या कातशाळांत सारखाच कडक आहे.

धार बरोबर लागली आहे की नाही हे डोळ्यांना उशिरा कळतं, कानांना आधी. स्वच्छ कापणाऱ्या धारेचा आवाज एकसंध येतो, ओरबाडणाऱ्या धारेचा खरबरीत. मुरलेला कातारी दुसऱ्याच्या लेथचा आवाज पाठमोरा ऐकूनही पटाशीला धार लावायची वेळ झाल्याचं सांगतो.

वाडगा आणि वाळणारं लाकूड

लाटण्यात तंतू फिरण्याच्या आसाला समांतर असतात. वाडग्याचं तसं नसतं. खोड मधोमध उभं चिरून त्याच्या अर्ध्या भागातून वाडगा काढतात, त्यामुळे तंतू आसाला आडवे येतात. परिणाम असा, की वाडगा एक फेरा घेतो तेवढ्यात धारेसमोर दोनदा तंतूंची बाजू येते आणि दोनदा तंतूंची तोडलेली टोकं. सोपं, अवघड, सोपं, अवघड, तेही सेकंदाला दहा वेळा. दिशेचा नियमही वरवर पाहता उलटतो. बाहेरून कापताना तळाकडून काठाकडे जायचं आणि आतून काठाकडून तळाकडे. कारण तेच, कापल्या जाणाऱ्या तंतूच्या मागे आधार कुठे आहे ते पाहायचं.

मोठे वाडगे बहुधा ओल्या, नुकत्याच कापलेल्या लाकडातून काढतात. ओलं लाकूड मऊ असतं, धूळ उडत नाही, छिलक्यांबरोबर पाण्याचे तुषार अंगावर येतात. पण ते वाळताना आकसतं आणि सगळीकडे सारखं आकसत नाही. तंतूंच्या लांबीत आकुंचन जवळजवळ नसतंच, शेकडा ०.१ ते ०.२. गाभ्याकडून सालीकडे ते साधारण शेकडा २ ते ५ असतं आणि वाढीच्या वर्तुळांच्या कडेने त्याच्या सुमारे दुप्पट. आज पूर्ण गोल काढलेला तीस सेंटिमीटरचा वाडगा दोन-तीन महिन्यांनी एका दिशेने तीसच राहतो आणि दुसऱ्या दिशेने एक-दीड सेंटिमीटरने घटतो, म्हणजे लंबगोल होतो. हाच असमान ताण आवरला नाही, तर लाकूड तडकतं. गाभा जिथे असतो तिथून तडा सुरू होतो, म्हणून ठोकळा कापताना गाभा आधीच काढून टाकतात.

यावर कातारींनी दोन वाटा काढल्या. पहिली धीराची. ओला वाडगा मुद्दाम जाड काढायचा, व्यासाच्या एक दशांश इतकी भिंत ठेवायची. कापलेल्या टोकांना मेण लावायचं, म्हणजे तिथून पाणी घाईने उडत नाही. मग कागदी पिशवीत घालून काही महिने विसरायचं. तो वेडावाकडा वाळतो. पण भिंत जाड असल्याने त्या वाकडेपणाच्या पोटात एक गोल वाडगा शिल्लक असतो, तो पुन्हा लेथवर चढवून काढायचा. दुसरी वाट धाडसाची. ओल्या लाकडातूनच भिंत एकदम काही मिलिमीटरपर्यंत पातळ करायची आणि लाकडाला हवं तसं वळू द्यायचं. पातळ भिंत लवचीक असते, ती तडकण्याऐवजी वाकते. काठ लाटेसारखा खालीवर होतो. शेवटचा आकार कारागीर आणि झाड दोघे मिळून ठरवतात. मला ही दुसरी वाट अधिक भावते. वाडगा लाकडाचा आहे हे त्यात लपत नाही.

ब्रश न लावता रंग

आता पहिलं कोडं. चन्नपट्टणच्या खेळण्यावर ब्रश कधी फिरलेलाच नसतो. त्यावरचा रंग ओला नव्हता, तो घन होता.

लाख हा एका इवल्या किड्याचा स्राव आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे हजारोंनी बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या भागात पळसावर लाख घेतात. फांद्यांवरून खरवडलेली लाख धुऊन, वितळवून शुद्ध केली की तिच्यात रंगाची पूड मिसळतात. गरम लाखेचा गोळा ताणायचा, दुमडायचा, पुन्हा ताणायचा, रंग सगळीकडे सारखा होईपर्यंत. मग तिच्या कांड्या वळतात. थंड झालेली कांडी कडक असते.

लाखेचा उपयोगी गुण असा, की साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला ती मऊ पडू लागते आणि थंड होताच पुन्हा कडक होते. कातारी वस्तू कातून झाली की ती लेथवरून उतरवत नाही. ती फिरत असतानाच लाखेची कांडी तिच्यावर दाबतो. घर्षणाने उष्णता निर्माण होते, कांडीचं टोक मऊ होतं आणि लाख लाकडाला चिकटत जाते. विस्तव लागत नाही, उष्णता लाकूड आणि लाख यांच्या भेटीतच तयार होते. कांडी जिथे टेकली तिथेच रंग लागतो आणि वस्तू फिरत असल्याने तो आपोआप पूर्ण वेढा घेतो. पट्ट्याची कड सरळ का, याचं उत्तर हेच. स्थिर धरलेल्या टोकाखाली वस्तू फिरली, की वर्तुळच उमटणार.

सुरुवातीला हा थर जाडाभरडा असतो. त्यावर वाळलेलं केवड्याचं पान दाबतात. पान चिवट असतं. त्याच्या घर्षणाने लाख पुन्हा मऊ होते, सारखी पसरते, लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते आणि आरशासारखी चमकते. लाख लाकडात रुजलेली असते, म्हणून पापुद्रे निघत नाहीत. चन्नपट्टण, आंध्रातलं एटिकोप्पाका आणि आपली सावंतवाडी, तिन्हीकडे केवडाच वापरतात. गुजरातेत संखेड्याचे कारागीर सागवानी पाळणे-खुर्च्यांवर आधी कथलाच्या पुडीची नक्षी काढतात आणि वर पारदर्शक लाख चढवतात. पिवळसर लाखेखालची रुपेरी नक्षी सोनेरी दिसते. झिलई तिथे अकीकाच्या दगडाने आणतात.

लाकूडही विचारपूर्वक निवडलेलं असतं. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका दोन्हीकडे काळ्या कुड्याचं लाकूड वापरतात. ते पांढरट, हलकं आणि बारीक पोताचं असतं, त्यामुळे रंग खुलतो. एटिकोप्पाक्यात सी. व्ही. राजू यांनी हळद, नीळ, सिंदुरी यांसारख्या वनस्पतींचे रंग लाखेत परत आणले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मूल जे तोंडात घालणार, त्यातला रंग निर्धोक हवा, हा त्यामागचा साधा आणि मोलाचा विचार.

> लाखकामाची वस्तू घेताना
>
> पट्ट्यांच्या कडा पाहा. घर्षणाने चढवलेल्या लाखेची कड सलग असते, ब्रशने दिलेल्या रंगात केसांच्या रेषा किंवा ओघळ दिसतात.
>
> खाचा आणि उतार बोटाने तपासा. दोन्ही बाजू सारख्या मऊ असतील, तर कातकाम चांगलं झालं आहे.
>
> झाकण असेल तर ते फिरवून पाहा. लाकूड नीट वाळलेलं नसेल, तर काही दिवसांनी ते अडकतं किंवा सैल पडतं.
>
> घरी आणल्यावर गरम भांडं, स्पिरिट आणि सॅनिटायझर यांपासून जपा. उष्णतेने लाख मऊ पडते आणि अल्कोहोलमध्ये ती विरघळते. फार वेळ पाण्यात राहिली, तर पांढुरकी होते. कोरड्या मऊ कापडाने पुसणं पुरेसं आहे.

वाडग्याची कलाकृती होते तेव्हा

विसाव्या शतकात कारखान्यांनी वाटीवाडग्यांचं काम काचेला, धातूला, प्लॅस्टिकला दिलं. कातकाम संपायचं ते अमेरिकेत भलत्याच वळणावर गेलं. शिकागो परिसरात गणित शिकवणारे जेम्स प्रेस्टिनी १९३०च्या दशकात कागदासारख्या पातळ भिंतींचे वाडगे काढू लागले. त्यांचे वाडगे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. बॉब स्टॉक्सडेल यांनी दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिला, म्हणून त्यांना अशा युद्धविरोधकांच्या छावणीत राहावं लागलं. तिथे ते लेथवर वाडगे काढू लागले आणि पुढे आयुष्यभर तेच करत राहिले. मेल्विन लिंडक्विस्ट यांनी बुरशी लागलेलं, इतरांनी फेकलेलं लाकूड निवडलं. खोडात वेगवेगळ्या बुरशा एकमेकींच्या हद्दीला भिडतात तिथे शाईने काढावी तशी काळी रेघ उमटते. लाकूड पूर्ण कुजण्याआधी अचूक वेळी ते कातलं, तर त्या रेघा वाडग्यावर नकाशासारख्या पसरतात.

डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७०च्या दशकात आणखी पुढची पायरी गाठली. गोल मडक्यासारखा आकार, वरती बोटभर तोंड आणि आतून सगळं पोकळ, तेही पातळ भिंतीचं. त्या लहानशा तोंडातून सरळ पटाशी आतल्या खांद्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्यांनी वाकडी हत्यारं बनवली. आत काहीच दिसत नाही. भिंत किती पातळ झाली हे हाताला लागणाऱ्या थरथरीवरून आणि आवाजावरून ओळखायचं. जाड भिंत असताना आवाज दबका येतो, ती पातळ होत गेली की त्याचा सूर बदलतो. एक क्षण उशीर झाला, तर धार भिंतीच्या बाहेर येते आणि कैक तासांचं काम जातं.

मंडळं कशासाठी?

हे सगळं पुस्तकातून शिकता येतं का? १७०१ मध्ये शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मगुरूने कातकामावर पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला. पण धारेमागची बाजू लाकडावर किती दाबायची, हे शब्दांत बसत नाही. शेजारी उभं राहून पाहावं लागतं, जमल्यास गुरूचा हात आपल्या हातावर यावा लागतो. म्हणून या विद्येभोवती पहिल्यापासून माणसांचे गट दिसतात. लंडनच्या कातारींच्या संघाला १६०४ मध्ये राजा पहिला जेम्स याने सनद दिली. अशा संघांचा कल विद्या राखण्याकडे होता. शिकाऊ म्हणून दाखल झाल्याशिवाय प्रवेश नव्हता.

आजची हौशी मंडळं याच्या नेमकी उलट वागतात आणि तेच मला मोलाचं वाटतं. १९८५ मध्ये टेनेसी राज्यातल्या गॅटलिनबर्गच्या ॲरोमाँट कलाशाळेत कातारींचं एक मोठं संमेलन भरलं. त्यातून पुढच्या वर्षी ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ ही संस्था उभी राहिली. एल्सवर्थ तिचे पहिले अध्यक्ष. जे तंत्र त्यांनी एकट्याने शोधलं ते त्यांनी खुलेपणाने शिकवलं. आज या संस्थेच्या तीनशेहून अधिक स्थानिक शाखा आहेत. ब्रिटनमध्ये अशीच संस्था १९८७ पासून आहे.

शाखेची बैठक सहसा महिन्यातून एकदा भरते. मध्यभागी लेथ, धारेवर रोखलेला कॅमेरा आणि मागे पडदा, म्हणजे शेवटच्या रांगेतल्यालाही छिलका कसा निघतो ते दिसावं. निवृत्त अभियंता, परिचारिका, शाळकरी मुलगा शेजारी शेजारी बसतात. एका टेबलावर सदस्य आपापल्या वस्तू मांडतात आणि जाणता माणूस त्या उचलून, उलटवून, तळ पाहून बोलतो. कातारी वस्तूचा तळ आधी पाहतो, कारण लेथवर पकडण्याची जागा तिथे असते आणि ती कशी मिटवली यावरून हात कळतो. दुसऱ्या टेबलावर लाकडाची देवघेव चालते. कुणाच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड पडलेलं असतं, तो ठोकळे कापून आणतो. नवख्याला एखादा अनुभवी सदस्य जोडून दिला जातो आणि तो त्याला आपल्या घरच्या लेथवर बोलावतो.

काही शाखा एक वेगळं कामही करतात. ‘बीड्स ऑफ करेज’ ही संस्था गंभीर आजारी मुलांना प्रत्येक उपचारासाठी एक मणी देते. सुई टोचली, शस्त्रक्रिया झाली, रात्र रुग्णालयात काढली, प्रत्येकाचा वेगळा मणी. ते मणी ठेवायला मंडळांचे सदस्य झाकणाच्या डब्या कातून देतात. वरवर सोपी वाटणारी ही डबी कौशल्याची कसोटी असते. झाकण पडता कामा नये, पण अशक्त हाताने सहज उघडलं पाहिजे. लाकूड नीट वाळलेलं नसेल, तर पुढच्या ऋतूत ते अडकून बसेल.

आपल्या गावात काय करता येईल

आपल्याकडे ही विद्या घराण्यांत आणि आळ्यांत राहिली आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळांची आणि खेळण्यांची दुकानं आहेत, पण हौशी माणसाला शिकायला जागा मिळणं कठीण. कारागिराला शिकवण्याचा रास्त मोबदला आणि हौशी माणसाला लेथ, हे दोन्ही देणारी मंडळं पुण्या-मुंबईत, कोल्हापूर-नाशकात निघाली, तर दोघांचाही लाभ होईल. शाळांच्या कार्यशाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. एक साधा लेथ, चार पटाश्या, धार लावायचं चाक आणि चेहऱ्यावरच्या ढाली एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

लाकडाचा प्रश्न तर आपल्या रस्त्यांनीच सोडवला आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर छत्रीसारखा पसरणारा पर्जन्यवृक्ष हवाईमधल्या कातारींचं आवडतं लाकूड आहे. तिथे त्याचे वाडगे पिढ्यानपिढ्या विकले जातात. कारण शुद्ध भौतिक आहे. या लाकडाचं आकुंचन फार कमी, गाभ्याकडून सालीकडे शेकडा २ आणि वर्तुळांच्या कडेने साडेतीनच्या आत. दोन्हींतला फरकही थोडा. म्हणून ते ओलंच कातलं तरी क्वचितच तडकतं आणि फारसं वेडंवाकडं होत नाही. नवशिक्याला जाड वाडगा काढून महिनोन्महिने वाट पाहण्याची गरज उरत नाही. चॉकलेटी आतलं लाकूड, भोवती पिवळसर बाहेरचं लाकूड, दोन्ही एकाच वाडग्यात येतात.

दर पावसाळ्यात ही झाडं उन्मळून पडतात. मुंबईत तर पिठ्या ढेकणामुळे कित्येक पर्जन्यवृक्ष उभ्याउभ्या वाळले. पडलेलं खोड रस्ता मोकळा करण्यासाठी तुकडे करून हलवलं जातं आणि त्यातलं बरंच जळणात जातं. महापालिकेच्या उद्यान विभागाशी बोलून परवानगीने त्यातले ठोकळे मिळवायचे, गाभा चिरून काढायचा आणि टोकांना मेण लावायचं. मुंबईच्या दमट हवेत हे त्याच दिवशी केलेलं बरं, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात बुरशी दिसू लागते. अर्थात लिंडक्विस्ट यांच्या वाटेने जायचं असेल, तर तीही टाकाऊ नाही.